रंगमंचावरची कॉकटेल वेट्रेस: कपडे, अंबाडा आणि ट्रे

युवारंग या विद्यापीठाच्या युवक महोत्सवातलं विडंबन नाट्य असो की कॉलेजचं गॅदरिंग, कॉकटेल वेट्रेस म्हटलं की आधी आखूड कपडेच आठवतात. कॉलर, कफ, बो आणि सशाचे कान हा थाट प्लेबॉय क्लबचा, शिकागोत १९६० साली सुरू झालेल्या. आजच्या हॉटेलांत बहुधा काळा स्कर्ट किंवा पँट, पांढरा शर्ट, काळा वेस्टकोट आणि कमरेचा ॲप्रन असतो. तोच पोशाख घ्या. ही कामावर आलेली बाई आहे, आणि ते कपड्याच्या बसण्यावरून नि हातातल्या ट्रेवरून कळलं पाहिजे.

जळगावच्या फुले मार्केटात ५८ इंची पन्ह्याचं काळं सूटिंग बघा. साधारण बांध्याला पावणेदोन मीटरमध्ये स्कर्ट आणि वेस्टकोट दोन्ही होतात. साटीन नको, दिव्याखाली त्याची सुरकुती न् सुरकुती दिसते. स्कर्ट गुडघ्यापर्यंत, मागे ६ इंचांचा कट. कट नसला की विंगेतल्या पायऱ्या चढताना शिवण उसवते.

खरी चूक होते ती वेस्टकोटच्या मुंढ्यात, म्हणजे हात बाहेर काढायच्या गोल कापात. सैल बरा म्हणून टेलर मुंढा खोल कापतात, आणि ट्रे उचलायला हात वर गेला की अख्खा वेस्टकोट हाताबरोबर वर येतो, खालून शर्टाचा फुगा बाहेर पडतो. मुंढा काखेलगतच ठेवायला सांगा, आणि माप देताना डावा हात ट्रे धरल्यासारखा वर करून बघा. शर्ट कमरेखाली निदान ६ इंच हवा. आतले कपडे त्वचेच्या रंगाचे. पांढऱ्याखाली पांढरं उठून दिसतं. बो इलॅस्टिकचा, अडीच इंचांचा. त्याहून मोठा विदूषकी वाटतो.

ॲप्रन १६ बाय १२ इंच, पुढे खिसा, त्यात छोटी वही आणि पेन. बूट काळे, दीड इंची रुंद टाचेचे. लाकडी रंगमंचावर टकटक होऊ नये म्हणून रबरी तळवा.

केस आदल्या दिवशी धुवा. ताज्या धुतलेल्या केसांतून पिना निसटतात. पोनी बांधून अंबाडा, वर जाळी, ६ ते ८ यू पिना. साध्या पिनेची नागमोडी बाजू डोक्याकडे. लाल लिपस्टिक आणि काजळ पुरे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ वर जातो, तेव्हा फाउंडेशनचा थर पातळच ठेवा आणि घाम पुसू नका, टिश्यूनं टिपा.

ट्रे १४ इंची गोल. स्टीलचा असेल तर तळाला ड्रॉवरमध्ये घालतात ती रबरी जाळी कापून बसवा, नाहीतर ग्लास घसरतात. डाव्या हाताची बोटं पसरून ट्रेच्या मध्याखाली ठेवा, कोपर अंगाजवळ. जड आणि उंच ग्लास मधे, हलके कडेला. उचलताना एकदा या बाजूचा, एकदा त्या बाजूचा; एकाच बाजूचे काढले तर ट्रे कलंडतो. पाहुण्याला ट्रेवरून ग्लास उचलू देऊ नका, तुम्हीच द्या. ग्लास ॲक्रिलिकचे, निम्मेच भरलेले: व्हिस्कीसाठी गार कोरा चहा, गुलाबी पेयासाठी पाण्यात रोझ सिरप, काठावर लिंबाची चकती. तालमीत पहिले दोन दिवस ग्लासांत नुसतं पाणी घेऊनच चाला.

खुल्या नाट्यगृहात प्रयोग असेल तर कागदी नॅपकिन वाऱ्यानं उडतात. त्यांवर एक भरलेला ग्लास ठेवा.