गुरूचा फोटो झकास आला, पण शास्त्रज्ञांच्या कामाचा आहे का? या चुका टाळा

आपण हौशी लोक दुर्बिणीतून ग्रहाचा व्हिडिओ घेतो, त्याच्या हजारो फ्रेम्सची सरासरी काढून (यालाच स्टॅकिंग म्हणतात) एक फोटो बनवतो आणि शास्त्रज्ञांना पाठवतो. त्यातली सगळ्यात कॉमन चूक म्हणजे वेळ. मी स्वतः केलीये. गुरूचा फोटो आला, रेड स्पॉट (गुरूवरचं मोठं लाल वादळ) एकदम ठसठशीत, खुशीत पाठवून दिला आणि उत्तर आलं की स्पॉटचे रेखांश बाकीच्यांच्या मापाशी जुळत नाहीयेत. झालं होतं काय तर लॅपटॉपचं घड्याळ ७ मिनिटं पुढे! गुरू स्वतःभोवती ९ तास ५५ मिनिटांत फिरतो, म्हणजे मिनिटाला ०.६ अंश, त्यामुळे ७ मिनिटांत ४ अंशांची बोंब, सगळी मेहनत पाण्यात. तेव्हापासून रेकॉर्डिंगच्या आधी घड्याळ नेटवरून सिंक करतो, वेळ यूटीमध्येच (जगभर एकच धरली जाणारी प्रमाणवेळ) लिहितो आणि व्हिडिओच्या सुरुवातीची नाही तर मधली वेळ देतो. फाईलच्या नावातच टाका, उदा. २०२४-१२-०७-१८४२.५, यातलं .५ म्हणजे अर्धं मिनिट.

व्हिडिओ उगाच लांबवू नका, गुरू तेवढ्यात फिरतो आणि बारीक डिटेल्स फासले जातात. लांब हवाच असेल तर दोन-तीन मिनिटांचे तुकडे घ्या आणि विनजुपोस नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये डीरोटेट करा, म्हणजे ग्रहाच्या फिरण्याचा परिणाम काढून टाका.

शार्पनिंगचा मोह तर विचारूच नका. जास्त शार्प केलं की मंगळाच्या कडेला आत एक बारीक रेघ उमटते, तो ढग नसतो, प्रोसेसिंगचा प्रताप असतो. शंका आली तर अर्ध्या तासाने घेतलेला व्हिडिओ बघा: खरा डाग ग्रहाबरोबर सरकलेला असतो, खोटा कडेलाच चिकटून बसतो.

दुर्बिणीला डायगोनल (प्रकाश काटकोनात वळवणारा आरसा) लावला असेल तर चित्र आरशासारखं उलटतं, तेवढं कळवा.

आणि प्लीज, स्टॅकिंग झालं की लगेच मूळ व्हिडिओ उडवू नका. गुरूवर काही आदळलं तर चमक जेमतेम एक-दोन सेकंद दिसते, हजारो फ्रेम्सच्या सरासरीत ती गायब होते. ३ जून २०१० ला अशी चमक ऑस्ट्रेलियातल्या अँथनी वेस्लीने टिपली, फिलिपिन्समधल्या ख्रिस्तोफर गोने आपलं रेकॉर्डिंग तपासलं तर तिथेही तीच, मग कॅमेऱ्यातला दोष वगैरे म्हणायला जागाच उरली नाही. डीटेक्ट नावाचं फ्री सॉफ्टवेअर अशा चमका शोधतं, जुने व्हिडिओ त्यात टाकून बघा. काहीच सापडलं नाही तरी रिपोर्ट पाठवा, गुरूवर किती वेळा काय आदळतं याचा अंदाज बांधताना तो रिकामा रिपोर्टही धरतात.