गोल्डन एल: घरी बनवणे आणि पारखणे

वर्धा आणि गडचिरोली या दारूबंदीच्या जिल्ह्यांत गोल्डन एल या फिकट सोनेरी बिअरचा हा विषय वाचनापुरताच ठेवावा. विदर्भात इतरत्रही परवान्याशिवाय घरी बिअर बनवता येत नाही.

20 लिटरसाठी जवाचे 4 किलो फिकट माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) पुरते. बोअरचे पाणी जड असल्यास ते आदल्या दिवशी उकळावे आणि तळाशी पांढरा थर बसल्यावर वरचे निवळ पाणीच घ्यावे, अन्यथा त्यातील बायकार्बोनेटमुळे इतक्या फिकट बिअरला खरखरीत तुरटपणा येतो. भरडलेले माल्ट 66 अंश सेल्सिअसला तासभर मुरवून रस गाळावा. तो तासभर उकळताना सुरुवातीला 40 ग्रॅम आणि शेवटच्या पाच मिनिटांत 30 ग्रॅम गोल्डिंग जातीचे हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी वाळवलेली फुले) घालावेत.

खरी कसोटी आंबवण्याची आहे. एलच्या यीस्टला, म्हणजे रस आंबवणाऱ्या किण्वाला, 18 ते 20 अंश मानवतात. त्याहून बरीच उष्णता झाली की फळांचा उग्र वास आणि घशाला जाळणारी चव उरते, म्हणून आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच योग्य. दिवसा भांड्याला ओले गोणपाट गुंडाळावे, पहाटेच्या गारठ्यात मात्र कोरडी घोंगडी.

हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजणारे उपकरण) आंबवण्याआधीच्या 1.044 वरून 1.010 वर स्थिरावला, तर अल्कोहोल सुमारे 4.5 टक्के भरते. बीजेसीपी या बिअर-परीक्षकांच्या संस्थेच्या 2021 च्या निकषांत ब्रिटिश गोल्डन एलसाठी 3.8 ते 5 टक्के अल्कोहोल आणि 20 ते 45 आयबीयू (कडवटपणाचे एकक) कडवटपणा दिला आहे; ब्लाँड एल या दुसऱ्या फिकट बिअरचा कडवटपणा 15 ते 28 असल्याने दोन्ही प्रकार काही अंशी एकमेकांत मिसळतात. अशा वेळी आकड्यांपेक्षा जिभेवर विसंबणे मला अधिक रास्त वाटते: हॉप्स पुढे आणि शेवट कोरडा असेल तर गोल्डन, माल्टचा मऊ गोडवा पुढे आला तर ब्लाँड.