स्की-लिफ्टच्या रांगेत कसे वागावे

आंतरराष्ट्रीय स्की व स्नोबोर्ड महासंघाचे 10 नियम उतारावरचा वेग, ओव्हरटेकिंग आणि अपघात यांविषयी आहेत. लिफ्टच्या, म्हणजे स्की करणाऱ्यांना खुर्च्यांवरून किंवा डब्यांतून वर नेणाऱ्या रोपवेच्या, रांगेबद्दल त्यांत अवाक्षरही नाही. तेथे त्या-त्या देशाचा रिवाज चालतो, म्हणून नवख्याने आधी जरा बाजूला थांबून तो पाहून घ्यावा.

अमेरिकेत आणि कॅनडात दोऱ्या लावून रांगा आखलेल्या असतात आणि दोन रांगा एकत्र येतात तेथे एक गट इकडचा, एक तिकडचा, असे आळीपाळीने पुढे जायचे असते. खुर्ची चौघांची असेल तर चौघांनी आधीच शेजारी-शेजारी उभे राहावे. एकट्यांसाठी वेगळी रांग असते व ती बहुधा लवकर सरकते. मात्र तिच्यातून पुढे जाऊन आपल्या मंडळींना सामील होणे ही सरळसरळ घुसखोरी मानली जाते.

आल्प्समध्ये, विशेषतः फ्रान्स आणि इटलीत, पुष्कळ ठिकाणी रांगेऐवजी फाटकाकडे निमुळता होत जाणारा घोळका दिसतो. पुढे हातभर जागा सोडली की ती कोणीतरी घेतो आणि त्यात त्याला काही गैर वाटत नाही. तेव्हा रागावण्यात अर्थ नाही, आणि ‘आधी तुम्ही’ म्हणत राहिल्यास दुपार तेथेच होईल. स्कीची टोके पुढच्या दोघांमधल्या फटीत ठेवून सावकाश सरकत राहावे, पण दुसऱ्याच्या स्कीवर आपली स्की चढू देऊ नये, कारण तो पुढे निघताच तोंडघशी पडू शकतो. लिफ्टचा पास डाव्या खिशात आणि मोबाइल दुसरीकडे ठेवावा. फाटकावरील यंत्र बहुधा डावीकडूनच पास वाचते. मुलांचा वर्ग घेऊन प्रशिक्षक बाजूने पुढे गेला तर हरकत घेऊ नये. त्यांना सहसा अग्रक्रम असतो.

जपानमध्ये रांग शिस्तीची असते, पण दोघांच्या खुर्चीवर एकेकटे जाणारे बरेच दिसतात. गर्दी असल्यास शेजारी बसण्यापूर्वी खुणेने विचारावे, आणि नकार आला तर पुढची खुर्ची घ्यावी.

खुर्चीवर बसताच आल्प्समध्ये सुरक्षेचा दांडा कोणीतरी न विचारताच खाली ओढतो, म्हणून डोके सांभाळावे. अमेरिकेत मात्र आधी सांगून मगच तो ओढावा.

गुलमर्गच्या गोंडोलाला, म्हणजे बंद डब्यांच्या रोपवेला, स्की काढून हातात घ्याव्या लागतात आणि तेथे पायी आलेले पर्यटकही असतात. स्की खांद्यावर आडव्या ठेवून मागे वळल्यास त्या थेट मागच्याच्या तोंडावर बसतात, म्हणून रांगेत त्या उभ्याच धराव्यात.