पहिल्यांदाच एकटे ट्रेनने निघताय? मधल्या मुक्कामाचं गाव असं ठरवा

मुंबई-पुण्याहून दिल्ली म्हणजे राजधानी वगैरे सोडली तर एक अख्खी रात्र आणि वर बहुतेक अख्खा दिवस गाडीत. सवय असलेले लोक करतात आरामात, पण पहिल्यांदाच एकटे निघणार असाल आणि दिल्लीच्या पुढे अजून ऋषिकेश नाहीतर मनालीची बस पकडायची असेल तर मध्ये एक रात्र कुठेतरी उतरून, गरम पाण्याने अंघोळ करून, पाय लांब करून झोपून मग पुढे जाणं कधीही बरं. प्रश्न एवढाच की उतरायचं कुठे. बरेच जण नकाशा काढून मधोमध बोट ठेवतात, किंवा तिथे बघण्यासारखं काय आहे ते शोधत बसतात. माझं म्हणणं, गाव नंतर बघा, आधी घड्याळ बघा.

आधी पोचायची वेळ

एकटे असताना अनोळखी गावात उजेडी पोचायचं, हा पहिला आणि जवळपास एकमेव नियम. सकाळी सात ते संध्याकाळी पाच, या वेळात तुमची गाडी जिथे पोचते ती गावं कागदावर लिहा, बाकीची सोडून द्या, कितीही सुंदर असली तरी. पुण्याहून झेलम एक्सप्रेस किंवा मुंबईहून पंजाब मेल घेतलीत तर दोन्ही गाड्या संध्याकाळी निघतात, रात्र गाडीत जाते आणि सकाळी भोपाळ येतं, दुपारी झाशी, त्याच्या पुढे ग्वाल्हेर. म्हणजे भुसावळ, खंडवा, इटारसी आपोआप बाद झाली, कारण ती रात्री-अपरात्री किंवा पहाटे येतात. अंतराच्या हिशोबानेही भोपाळ सोयीचं आहे, मुंबईहून साधारण साडेआठशे किलोमीटर आणि तिथून दिल्ली सातशेच्या आसपास.

टाइमटेबलवरच्या वेळेवर मात्र जाऊ नका. व्हेअर इज माय ट्रेनसारख्या ॲपवर निघायच्या आधी काही दिवस तीच गाडी रोज उघडून बघा, खरोखर किती वाजता पोचतेय. सकाळी नऊची गाडी अकराला आली तर काही बिघडत नाही, पण संध्याकाळी सातची गाडी दोन-तीन तास लेट झाली की तुम्ही रात्री दहाला रिक्षावाल्याशी घासाघीस करत उभे. म्हणून मी नेहमी सकाळी पोचणारं गाव धरते, लेट व्हायला जागा राहते.

मग पुढची गाडी

इथे लोक गडबडतात. उतरलात छान, पण दुसऱ्या दिवशी तिथून निघायला काय आहे? जिथून दिवसात दोनच गाड्या पुढे जातात तिथे पहिल्या वेळी मुक्काम नको, एक चुकली की सगळं गणित कोसळतं. भोपाळ-झाशी हा मेन रूट आहे, दिल्लीकडे जाणारं काही ना काही दिवसभर मिळतं.

पण हेही घड्याळाशी ताडून बघा. भोपाळच्या राणी कमलापती स्टेशनवरून वंदे भारत पहाटे सहाच्या आधी सुटते आणि दुपारी हजरत निजामुद्दीनला सोडते. शताब्दी तिथूनच दुपारी निघते पण नवी दिल्लीला पोचेपर्यंत जवळपास मध्यरात्र होते. ऐकायला शताब्दी जास्त आरामाची, सकाळी निवांत उठा, पोहे-जिलेबी खा, मग निघा, पण मध्यरात्री स्टेशनसमोरच्या पहाडगंजमध्ये एकट्याने हॉटेल शोधण्यापेक्षा पहाटे चारचा अलार्म परवडला. कुठल्या दिवशी गाडी नसते तेवढं बुकिंग करताना बघून घ्या.

तिकिटं दोन काढा, आणि दोन्ही कन्फर्म झाल्याशिवाय हॉटेल बुक करू नका

पाचशे किलोमीटरच्या वरच्या तिकिटावर मध्ये उतरून परत पुढे जायची सोय रेल्वेच्या नियमात आहे, ब्रेक जर्नी म्हणतात. पण राजधानी-शताब्दीसारख्या गाड्यांत ती चालत नाही आणि पुढच्या गाडीच्या रिझर्वेशनचं वेगळं बघावं लागतं, तेव्हा पहिल्या खेपेला त्या भानगडीत पडूच नका. सरळ दोन वेगळी तिकिटं. थोडं महाग पडतं, कारण रेल्वेचं भाडं अंतर वाढतं तसं किलोमीटरमागे कमी होत जातं आणि तुम्ही ते मध्येच तोडताय, पण डोक्याला ताप नाही.

बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं (नोव्हेंबर २०२४ पासून, आधी १२० दिवस होतं). दुसरं तिकीट वेटिंगवर असेल तर मुक्काम ठरलाय असं समजू नका. ऑनलाइन काढलेलं वेटिंग तिकीट चार्ट लागल्यावर आपोआप रद्द होतं आणि मग तुम्ही भोपाळच्या खोलीत बसून तत्काळची वाट बघताय. तत्काळ आदल्या दिवशी एसीचं दहाला आणि स्लीपरचं अकराला उघडतं, त्याला आता आधार जोडलेलं अकाउंट लागतं, ते घरूनच करून निघा.

स्टेशन आणि गाव यातलं अंतर

कोकण रेल्वेने फिरणाऱ्यांना हे सांगायला नको. कणकवलीला उतरलं की गावातच, पण रत्नागिरी किंवा सावंतवाडीला स्टेशन एकीकडे नि गाव दुसरीकडे, साताऱ्याचंही तेच. नुसतं नावावरून कळत नाही, मॅप उघडून स्टेशन ते हॉटेल अंतर बघाच. आणि स्टेशनच्या कुठल्या बाजूला हॉटेल आहे तेही, नाहीतर मॅपवर दोनशे मीटर दिसतं आणि तुम्ही सॅक घेऊन रुळांच्या चुकीच्या अंगाला.

भोपाळला अजून एक मेख आहे, दोन मोठी स्टेशनं, भोपाळ जंक्शन आणि राणी कमलापती (जुनं हबीबगंज, २०२१ ला नाव बदललं), मध्ये सहा-सात किलोमीटर. सगळ्या गाड्या दोन्हीकडे थांबत नाहीत. हॉटेल जिथे उतरणार तिथलं नाही, जिथून पहाटे निघणार तिथलं घ्या. दिवसाढवळ्या रिक्षा मिळतेच, पहाटे पाचला मात्र चालत जाता येईल एवढंच अंतर हवं. राणी कमलापतीला लागून एमपी नगर आहे, क्लासवाल्या पोरांचा एरिया, खायच्या जागा भरपूर, हॉटेलं बऱ्यापैकी.

खोली

मोठ्या स्टेशनांवर रिटायरिंग रूम असतात, म्हणजे स्टेशनातच मुक्कामाच्या खोल्या, आयआरसीटीसीवर बुक होतात, पण पीएनआर कन्फर्म किंवा आरएसी (एक बर्थ दोघांत) असावा लागतो. बारा तास, चोवीस तास असे स्लॉट असतात. पहाटेच्या गाडीसाठी यापेक्षा सोयीचं काही नाही. खोल्या मोजक्या असतात त्यामुळे लवकर बघा. डॉर्म घेणार असाल तर मुलींनी आधी तपासा, काही ठिकाणी ते फक्त पुरुषांसाठी असतं.

हॉटेल घेणार असाल तर ॲपवर बुक करायच्या आधी हॉटेलला स्वतः फोन करा. हा फोन टाळू नका, दोन मिनिटांचं काम आहे. मी तीनच गोष्टी विचारते. "भैया, चेकआउट चौबीस घंटे का है या बारह बजे का?" कारण तुम्ही सकाळी नऊला पोचणार आणि बाराला चेकइन असेल तर तीन तास लॉबीत. "सिंगल के लिए रूम देते हो ना?" कारण काही ठिकाणी एकट्या माणसाला, त्यातही एकट्या मुलीला, ऐनवेळी टाळतात. आणि "सुबह पाँच बजे गेट खुला रहेगा?" लहान हॉटेलात रात्री शटर ओढून पोरगा आत झोपतो, पहाटे त्याला उठवण्यात गाडी जायची. उत्तर देताना माणूस कुरकुरला, आडवंतिडवं बोलला, की ते हॉटेल सोडा, प्रत्यक्षात वागणूक त्याहून बरी नसते.

रिव्ह्यू वाचायचे तर नवीन आधी लावा आणि एकट्याने राहिलेल्यांचे शोधा. "फॅमिलीसोबत मस्त" हे तुमच्या कामाचं नाही.

दिवस हातात आहे त्याचं काय

सकाळी पोचलात तर संध्याकाळपर्यंत वेळ आहे. खोली मिळायला उशीर असेल तर सामान क्लोकरूमला टाका, बॅगला कुलूप लागतं, नुसती चेन असलेली सॅक घेत नाहीत, आणि तिकीट दाखवावं लागतं. भोपाळहून सांची पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर, जाऊन येता येतं, पण रात्र गाडीत काढून आलेलं शरीर आहे, मला तर बडा तालाबच्या काठावर फिरणं आणि लवकर जेवणं पुरेसं वाटतं. झाशी निवडलंत तर ओरछा पंधरा-वीस किलोमीटरवर आहे, त्याचा मोह आवरत नाही हे मान्य, पण मग मुक्काम दोन रात्रींचा करा.

हॉटेलचं नाव, दोन्ही पीएनआर आणि डबा-बर्थ घरी कुणाला तरी पाठवून ठेवा. आईला पाठवलं तर दर तासाला फोन येईल, भावाला किंवा मैत्रिणीला पाठवलं तरी चालतं. गाडीत काही त्रास झाला तर १३९ वर फोन, हा नंबर पाठच असू दे.

परतीच्या प्रवासात हाच हिशोब उलटा लावून चालत नाही, विशेषतः डिसेंबर-जानेवारीत. उत्तरेत धुकं पडतं आणि दिल्लीकडून येणाऱ्या गाड्या तासन् तास लेट होतात, त्यामुळे संध्याकाळी पोचणारी गाडी मध्यरात्री पोचू शकते. थंडीत परतताना एक तर मुक्काम दिल्लीतच उरका आणि पुढे थेट गाडी घ्या, नाहीतर अशी गाडी बघा जी वेळेवर भोपाळला सकाळी लवकर येते, म्हणजे पाच-सहा तास लेट झाली तरी तुम्ही दुपारीच उतराल.