जुनी स्पोर्ट्स कार घेतलीत, आता एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यायची का?

मेस्तने, म्हणजे आमच्या गोव्यातल्या मेकॅनिकने, माझ्या गाडीच्या सीटमागचं कार्पेट उचललं आणि खाली चार बोटं पाणी. तळाशी काळा गाळ बसला होता. बोटाने ढवळून पाहिलं तर आंब्याचा मोहोर, फेब्रुवारी-मार्चमध्ये गळलेला. आम्ही जुलैत होतो. "बाये, हें उदक कितलेशेच दीस भितर आसा," तो म्हणाला. म्हणजे पाणी कित्येक दिवसांपासून आत होतं. छप्पर उघडणारा हायड्रॉलिक पंप त्याच पाण्यात बसून मेला होता.

गाडी दोन सीटची, छप्पर दुमडणारी, २०१७ची. मुंबईहून आणलेली. म्हापशात माझं औषधांचं दुकान आहे. पंधरा वर्षं पैसे बाजूला टाकून मी ती घेतली. एक वर्षाच्या एक्स्टेंडेड वॉरंटीचे, म्हणजे मूळ वॉरंटी संपल्यावर बिघाडाचा खर्च भरून देणाऱ्या कराराचे, ६८,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे ८०,२४० रुपये भरले होते. विकणाऱ्याने तिला "बंपर टू बंपर", म्हणजे गाडीतलं सगळं मिळणारी, म्हटलं होतं. क्लेम मात्र नाकारला. कारण लिहिलं होतं: बाहेरून पाणी शिरल्यामुळे झालेलं नुकसान. करारात ते वाक्य होतं. अकराव्या पानावर. औषधाच्या खोक्यातला कागद मी रोज गिऱ्हाइकांना वाचून दाखवते, आणि हा कागद मी सही केल्यावर दोन महिन्यांनी वाचला. म्हणून हे सगळं तपशिलाने लिहिते आहे.

पहिलं काम, माहितीपत्रक बाजूला ठेवून पूर्ण करार मागवा, पैसे भरण्याआधी. देत नसतील तर विषय तिथेच संपवा. करार हातात आला की "काय मिळणार नाही" हा भाग आधी वाचा. करार दोन जातींचे असतात. एकात भागांची यादी असते आणि यादीत असेल तेवढंच मिळतं. दुसऱ्यात वगळलेले भाग लिहिलेले असतात आणि बाकी सगळं मिळतं. स्पोर्ट्स कारला दुसरी जात बरी, कारण या गाड्यांत सेन्सर, कंट्रोल युनिट, इलेक्ट्रॉनिक शॉकअब्सॉर्बर अशा गोष्टी खूप असतात आणि यादीत नेमक्या त्याच राहून जातात. ब्रेक पॅड, टायर, बॅटरी, रबरी बुश, क्लच प्लेट हे झिजणारे भाग बहुतेक ठिकाणी मिळत नाहीत. गंज तर नाहीच. आपल्याकडे समुद्राची खारी हवा आणि वर्षाला जवळजवळ तीन मीटर पाऊस, त्यामुळे वायरिंगच्या कनेक्टरला हिरवट पूड धरते. ती गंजात मोजतात की इलेक्ट्रिकल बिघाडात, हे ईमेलवर विचारा. उत्तर फोनवर घेऊ नका.

मग तुमच्या मॉडेलची दुखणी काढा. प्रत्येक गाडीची ठरलेली असतात: ड्युअल क्लच (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक) गिअरबॉक्सचं मेकॅट्रॉनिक युनिट, म्हणजे गिअर बदलणारा त्याचा मेंदू, टर्बो, प्लॅस्टिकचा वॉटर पंप, थर्मोस्टॅट, छपराची हायड्रॉलिक्स. तीच गाडी हाताळणाऱ्या मेकॅनिककडून प्रत्येकाचा सुटा भाग आणि मजुरी यांचा अंदाज कागदावर घ्या. त्या कागदाशेजारी करार ठेवा आणि एका क्लेमची मर्यादा बघा. माझी दोन लाख होती. माझ्या गाडीच्या गिअरबॉक्सचं काम दोन लाख साठ हजारांचं. म्हणजे सगळ्यात महागडं दुखणं आलं असतं तर क्लेम मंजूर होऊनही साठ हजार माझेच गेले असते. शिवाय काही करारांत गाडीच्या किलोमीटरनुसार सुट्या भागाची किंमत कापतात, आणि गाडी उघडून दोष शोधण्याची मजुरी वेगळी घेतात. हे सगळं वजा करून जे उरतं ते तुमचं खरं संरक्षण. ते वॉरंटीसाठी भरायच्या रकमेच्या दुप्पटसुद्धा नसेल तर मी घेणार नाही.

आता दुसरी बाजू, कारण वॉरंटी म्हणजे फसवणूकच असं माझं म्हणणं नाही. फोंड्याचा माझा मावसभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, त्याच्याकडे सहा गिअरची ड्युअल क्लच कूपे आहे. बेळगावहून येताना चोर्ला घाटात दुसरा, चौथा आणि सहावा गिअर पडेना. अशा गिअरबॉक्समध्ये एक क्लच विषम गिअरांचा आणि एक सम गिअरांचा असतो, त्यामुळे अर्धेच गिअर गेले. दादा पहिल्या आणि तिसऱ्यावर हळूहळू साखळीपर्यंत उतरला. कंपनीने सर्वांत आधी मागितलं ते ६०,००० किमीला गिअरबॉक्सचं तेल बदलल्याचं बिल. दादाकडे होतं, त्यावर तारीख, किलोमीटर आणि तेलाचा ग्रेडसुद्धा. सगळं काम मंजूर झालं. त्याने फक्त तेल आणि फिल्टरचे पैसे दिले. ते एक बिल नसतं तर दादा आणि मी एकाच नावेत असतो.

म्हणून गाडी घेतानाच जुनी सर्व्हिस बिलं मागा. नुसते शिक्के पुरत नाहीत. यापुढची सर्व्हिसही वेळेवर करा. आपल्या या गाड्या वर्षाला तीन-चार हजार किमी फिरतात, मग वाटतं एवढ्यात कशाला तेल बदलायचं. करारात "किलोमीटर किंवा महिने, जे आधी होईल ते" असं लिहिलेलं असतं, आणि महिने आधी होतात.

वॉरंटी सुरू व्हायच्या आधी गाडी लिफ्टवर घ्या, ओबीडी स्कॅन करा (गाडीच्या संगणकात नोंदलेले दोष त्यात दिसतात) आणि तारखेसह प्रिंट जपून ठेवा. "दोष आधीपासूनच होता" हे कारण सर्रास पुढे करतात. त्यावर हा कागद कामी येतो. त्याच वेळी इंजिनाचा ईसीयू, म्हणजे त्याचा संगणक, रीमॅप झालाय का, म्हणजे ताकद वाढवायला त्यातला प्रोग्रॅम बदललाय का, तेही तपासून घ्या. वेगवान गाड्यांच्या पहिल्या मालकांना तो मोह फार, आणि बऱ्याच ईसीयूंमध्ये प्रोग्रॅम किती वेळा लिहिला गेला याची नोंद राहते. आधीच्या मालकाने केलेल्या रीमॅपवरून तुमचा क्लेम जाऊ शकतो.

गोव्यात राहणाऱ्याने एक प्रश्न जास्तीचा विचारायचा: दुरुस्ती कुठे? मान्यताप्राप्त वर्कशॉप पुण्यात असेल तर गाडी फ्लॅटबेडवर चढवून साडेचारशे किमी न्यायचा खर्च कोणाचा, आणि टोइंगची मर्यादा किती किमी? जमिनीला टेकणारी गाडी दोरीने ओढून घाटात नेता येत नाही. आणि गाडी महाराष्ट्रातून आणली असेल तर फॉर्म २८ची एनओसी, मालकी बदलण्याचे फॉर्म २९ आणि ३० उरकून आरसीवर तुमचं नाव लवकर आणा. वॉरंटी जुन्या मालकाच्या नावावर असेल तर ती तुमच्याकडे वळवून मिळते का, हेही त्याच आठवड्यात विचारा.

पुराच्या पाण्याचं काय, तर ते विम्याचं काम. साध्या मोटार विम्यात यांत्रिक बिघाड येत नाही, आणि वॉरंटीत पूर येत नाही. साचलेल्या पाण्यातून जाताना इंजिनात पाणी ओढलं गेलं तर त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट ही वेगळी जोड घ्यावी लागते. मी ती घेते, दरवर्षी, काहीही झालं तरी.

क्लेम चुकीच्या कारणाने नाकारला असेल तर लेखी कारण मागा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातल्या आयोगाकडे तक्रार करता येते, कंपनी दिल्लीची असली तरी. मुदत दोन वर्षांची, आणि भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मी गेले नाही, कारण माझ्या बाबतीत करार त्यांच्या बाजूने होता.

पंप मी स्वतःच्या पैशाने बदलला. वॉरंटी पुढे चालू ठेवली नाही; त्याऐवजी दरमहा साडेसहा हजारांची आरडी काढली आहे, गाडीच्या नावाने. दादाने मात्र त्याची वाढवली, आणि त्याचा करार बघता ते बरोबरच आहे.

गाडी अजून त्याच आंब्याखाली उभी असते, दुसरी जागा नाही. मोहोर गळून संपला की मी छप्पर अर्धं उघडते. दोन्ही कोपऱ्यांतल्या निचऱ्याच्या नळ्यांतून, ज्या मोहोराने तुंबून पाणी आत आलं होतं, गवत कापायच्या यंत्राची जाड नायलॉन दोरी हळूच आत सरकवते. तारेने रबर फाटतं, दोरीने नाही. मग एक-एक पेला पाणी ओतते आणि ते गाडीखाली, मागच्या चाकाजवळ पडताना दिसेपर्यंत वाकून बघत राहते. फोटो काढते, तारखेसकट.