नव्या बाइकला सिंथेटिक ऑइल कधी घालावं?

पहिल्याच सर्व्हिसला काउंटरवर विचारणा होते, "सिंथेटिक टाकून देऊ का?" सिंथेटिक म्हणजे रासायनिक प्रक्रियेने बनवलेलं इंजिन ऑइल. बहुतेक वेळा उत्तर "आत्ता नको" असंच द्यावं.

१. आधी मॅन्युअल उघडा. कंपनीनेच सिंथेटिक सांगितलं असेल तर प्रश्नच मिटला, पहिल्यापासून तेच घाला.

२. तसं नसेल तर पहिली सर्व्हिस (साधारण ५०० ते १,००० किलोमीटर) साध्या मिनरल ऑइलवरच (खनिज तेलापासून काढलेल्या) करा. निघालेलं ऑइल उन्हात धरून पाहा, बारीक चंदेरी चमक दिसेल. नवे पार्ट एकमेकांवर घासून बसताना निघालेला तो धातू असतो. म्हणून ही सर्व्हिस लांबवू नका, आणि ऑइल फिल्टर असेल तर तोही बदलून घ्या.

३. दुसऱ्या किंवा तिसऱ्या सर्व्हिसला सिंथेटिक घाला. ग्रेड (ऑइल किती दाट-पातळ ते सांगणारा आकडा) मॅन्युअलमधलाच. १०डब्ल्यू-३० लिहिलंय तर १०डब्ल्यू-३०च, मेकॅनिक काहीही म्हणो. जुनं ऑइल नीट निथळू द्या. वेगळ्या फ्लशिंगचे (इंजिन आतून धुण्याचे) पैसे मात्र देऊ नका, गरज नसते.

रोज ऑफिसला जेमतेम आठ-दहा किलोमीटर जाणारी १०० सीसीची गाडी असेल, तर माझ्या मते मिनरलच वेळेवर बदललेलं बरं.

एक सांभाळा: घरात कारचं महागडं सिंथेटिक उरलंय म्हणून ते बाइकमध्ये ओतू नका. गिअरच्या बहुतेक बाइकचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो, कारच्या ऑइलमुळे तो घसरू शकतो. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' (असा क्लच असलेल्या बाइकला चालणाऱ्या ऑइलची जपानी मानकाची खूण) पाहूनच घ्या.