खासदाराच्या लाचेची चौकशी लागली, तर ती समजून कशी घ्यायची

"अमुक खासदाराची चौकशी लागली" अशी बातमी आली की आमच्या खानापूर-आटपाडी भागात लगेच दोन तट पडतात. काहींच्या मते हा आता आत जाणार. बाकीचे म्हणतात, समिती नेमली म्हणजे प्रकरण थंड्या बस्त्यात गेलं. मी विट्यात वकिली करते. दोन्ही बाजूंच्या लोकांना मी आधी एवढंच विचारते: चौकशी लावली कुणी? सभागृहाने की तपास यंत्रणेने?

या एका प्रश्नावर पुढचं सगळं अवलंबून आहे. लोकसभा, राज्यसभा किंवा विधानसभा आपल्या सदस्याच्या वागणुकीची चौकशी करते, तेव्हा शेवट सहसा समज, निलंबन किंवा फार तर हकालपट्टीने होतो. लाच घेतल्याबद्दलची कैद भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा, 1988 खाली होते आणि ती न्यायालय देतं. म्हणून वहीच्या पानावर उभी रेघ मारून दोन रकाने करा: डावीकडे सभागृह, उजवीकडे न्यायालय. प्रत्येक बातमी तारखेसह त्या-त्या रकान्यात लिहीत जा. दोन्ही बाजू वेगवेगळ्या वेगाने चालतात. 12 डिसेंबर 2005 रोजी पैसे घेऊन प्रश्न विचारण्याचं स्टिंग दूरचित्रवाणीवर दाखवलं गेलं. लोकसभेने पवनकुमार बन्सल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, राज्यसभेचं प्रकरण तिथल्या आचार समितीकडे, म्हणजे सदस्यांची वागणूक तपासणाऱ्या समितीकडे गेलं, आणि 23 डिसेंबरला लोकसभेचे दहा आणि राज्यसभेचा एक असे अकरा खासदार घालवले गेले. डावा रकाना अकरा दिवसांत भरला. त्याच प्रकरणात दिल्लीच्या न्यायालयात आरोप निश्चित व्हायला 2017 उजाडलं. खासदारावर खटला भरण्याआधी लोकसभा अध्यक्षांची किंवा राज्यसभा सभापतींची परवानगी लागते, हे लक्षात ठेवा. उजवा रकाना बराच काळ कोरा राहिला म्हणून सगळं दडपलं गेलं असा निष्कर्ष लगेच काढू नका.

आता मूळ प्रकरणाकडे येते. ही वाट जिथून सुरू झाली ते प्रकरण विट्याच्या माणसाला चटकन कळेल. आपल्याकडची घरंच्या घरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यात देशभर पसरलेली आहेत. सोन्या-चांदीच्या बाजारात सरकारचा एखादा नियम बदलला की काय उलथापालथ होते, ते आपण घरात बसून पाहिलेलं आहे. 1951 मध्ये हंगामी संसदेचे (पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीआधीच्या) सदस्य एच. जी. मुदगल यांच्यावर आरोप झाला तो नेमका याच बाजारातला: मुंबईच्या बुलियन असोसिएशनकडून, म्हणजे सोन्या-चांदीच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून, पैसे घेऊन संसदेत तिच्या बाजूने प्रचार केला. पंतप्रधान नेहरूंनी स्वतः 8 जूनला चौकशी समितीचा प्रस्ताव मांडला. मुदगल त्यांच्याच पक्षाचे होते. टी. टी. कृष्णमाचारी अध्यक्ष, के. टी. शहा, दुर्गाबाई हे सदस्यांपैकी. समितीने मुदगल यांची वागणूक सभागृहाच्या प्रतिष्ठेला बाधक ठरवली. 24 सप्टेंबरला हकालपट्टीचा ठराव आला, मुदगल यांनी आपली बाजू मांडली आणि मतदानाआधी राजीनामा देऊन टाकला. सभागृहाने ते चालू दिलं नाही. हे सदस्य हकालपट्टीलाच पात्र होते, आणि राजीनाम्याच्या पत्रातली भाषा हा सभागृहाचा अवमान आहे, असा ठराव करूनच विषय संपवला.

एखाद्याने चौकशी चालू असताना राजीनामा दिला आणि "प्रकरण मिटलं" असं कुणी म्हणालं, तर हा ठराव त्याच्यापुढे ठेवा. मला तो आजही फार मोलाचा वाटतो. सत्तेतल्या पक्षाने आपल्याच माणसाला सोडलं नाही, हे पुन्हा घडताना पाहायची माझी फार इच्छा आहे.

समितीच्या बैठका बंद दाराआड होतात. त्यामुळे अहवाल सभागृहापुढे मांडला जाईपर्यंत टीव्हीवर जे येतं ते बहुतेक फुटलेलं किंवा फोडलेलं असतं. त्यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका. अहवाल संसदेच्या संकेतस्थळावर समित्यांच्या विभागात मिळतो, जुने अहवाल संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात सापडतात. तो पहिल्या पानापासून वाचायला घेतला तर तिसऱ्या पानावर झोप येईल. मी शेवटाकडून सुरू करते. आधी बैठकांची इतिवृत्तं: कोण हजर होतं, साक्ष कुणाची झाली, ज्याच्यावर आरोप आहे त्याला बाजू मांडायला किती संधी मिळाली. मग मतभेदाची टिपणं. बन्सल समितीत विजयकुमार मल्होत्रा यांनी वेगळं मत नोंदवलं होतं. ते मत पटो न पटो, बहुमताच्या अहवालात कोणता मुद्दा घाईने उरकलाय ते अशा टिपणातून कळतं.

यानंतर पेन्सिल घ्या आणि आरोप, निष्कर्ष, शिफारस यांच्याखाली वेगवेगळ्या रेघा ओढा. वर्तमानपत्रं ही तिन्ही एकाच वाक्यात कोंबतात. 2023 चं महुआ मोइत्रा प्रकरण बघा. आरोप होता एका उद्योगपतीकडून रोकड आणि भेटवस्तू घेऊन प्रश्न विचारल्याचा. त्यांनी पैसे घेतल्याचं नाकारलं. आचार समितीचा अहवाल सहा विरुद्ध चार मतांनी मंजूर झाला आणि त्यात मोठा भर होता संसदेच्या पोर्टलचा लॉगिन-पासवर्ड दुसऱ्याला दिल्यावर. पैशांच्या देवाणघेवाणीचा माग सरकारने कायदेशीर तपासातून काढावा, असं समितीने सुचवलं. 8 डिसेंबर 2023 ला सभागृहाने हकालपट्टी केली. समिती फक्त शिफारस करते, निर्णय सभागृहाचा असतो, आणि हकालपट्टी झालेला माणूस पुन्हा निवडणूक लढवू शकतो. मोइत्रा 2024 मध्ये निवडूनही आल्या.

"संसदेला हकालपट्टीचा अधिकारच नाही" हा युक्तिवाद हमखास ऐकू येतो. 2005 मध्ये घालवलेल्या खासदारांपैकी राजा राम पाल यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 10 जानेवारी 2007 ला तो फेटाळलाय. "सभागृहातल्या मताबद्दल खटला होत नाही" हा दुसरा युक्तिवाद मात्र बराच काळ खरा होता. जुलै 1993 मध्ये नरसिंह राव सरकारवरचा अविश्वास ठराव 251 विरुद्ध 265 असा पडला. पैसे घेऊन मत दिल्याचा आरोप असलेल्या खासदारांना 1998 मध्ये न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा निकालाने संरक्षण दिलं. ज्याने मतच दिलं नाही त्याला ते मिळालं नाही. हा निकाल शिकताना मला संताप आला होता. 4 मार्च 2024 ला झारखंडच्या तेव्हाच्या आमदार सीता सोरेन यांच्या खटल्यात सात न्यायमूर्तींनी एकमताने तो रद्द केला. लाच स्वीकारली तिथेच गुन्हा पूर्ण होतो. पुढे मत कुणाला दिलं, भाषण केलं की नाही, याने फरक पडत नाही. हा नियम आमदारांनाही लागू आहे.

तक्रार तुम्हालाच करायची असेल तर लोकसभेच्या बाबतीत ती कुठल्याही नागरिकाला करता येते, पण एखाद्या खासदारामार्फत पाठवावी लागते आणि सोबत प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं. नुसत्या पडताळणी न झालेल्या बातमीवर ती उभी राहत नाही, न्यायप्रविष्ट विषयावरही नाही. माझ्याकडे येणारे लोक तक्रारीत संताप लिहून आणतात. संताप योग्य असतो, पण समितीला लागतात तारखा. खासदाराचे प्रश्न त्याच्या नावाने संकेतस्थळावर शोधा, प्रश्न क्रमांक आणि तारीख उतरवून घ्या, त्या प्रश्नाचा फायदा नेमका कुणाला होता ते लिहा, आणि त्या व्यक्तीचा खासदाराशी संबंध दाखवणारा कागद जोडा. स्वतः पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगवेगळ्या परिच्छेदात ठेवा. प्रतिज्ञापत्रावर सही तुमची असते. खोटं निघालं तर त्याचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं.

आणि लाच मागितली गेली ती तुमच्याकडेच, तर हिशेब बदलतो. 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार आहे, सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळवलं तरच तुम्ही त्यातून सुटता. मागणी झाली त्याच दिवशी, एकही रुपया देण्याआधी, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या 1064 या क्रमांकावर फोन करा आणि केव्हा, कुणाशी बोललात ते लिहून ठेवा.